मुक्या मास्तरांची उसवण

आमच्या दाजींना बाजारात सगळे मुके मास्तर म्हणत. ते मुके नव्हते. कोटाचं माप घेताना शिंप्याला चार शब्द बोलावेच लागतात, आणि मोजून तेवढे ते बोलत: हात वर करा, श्वास सोडा, वळा, झालं. पण गिऱ्हाइकाने हवापाण्याचा विषय काढला रे काढला, की मास्तर तोंडात टाचण्या धरत. सगळेच शिंपी कामासाठी टाचण्या तोंडात धरतात. दाजी उत्तर द्यावं लागू नये म्हणून धरत, असं माझं मत आहे, आणि ते मी त्यांना तोंडावर सांगितलेलं आहे. ऐकून त्यांनी आणखी एक टाचणी ओठांत घातली.

अशा माणसाच्या गळ्यात माझी थोरली बहीण पडली. ताईला बोलल्याशिवाय घास उतरत नाही. अंडी आणायला गेली तर अंडी विसरेल, पण अंडीवाल्याच्या सुनेची तब्येत, त्याच्या छपराची गळती आणि त्यावर शेजाऱ्याचं म्हणणं, सगळं घेऊन येईल. लग्न ठरलं तेव्हा आई म्हणाली होती, "एक बोलणारं आणि एक ऐकणारं, संसाराला आणखी काय लागतं?" आईचं गणित सरळ होतं. न बोलणारा माणूस ऐकत असेलच असं नाही, एवढंच त्यात धरायचं राहून गेलं.

दाजी वाईट नव्हते. ताईवर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. मुळात आवाजच काढत नसत, तर चढवणार काय. खाली दुकान, वर दोन खोल्या, मध्ये लाकडी जिना. सकाळी उतरायचे, जेवायला चढायचे, जेवण झालं की स्वतःचं ताट धुऊन पुन्हा खाली. मुलगी लग्न होऊन लांब गेली आणि वर ताई आणि रेडिओ एवढीच वस्ती उरली. रेडिओवरची बाई बातम्या सांगायची आणि ताई तिला मध्येमध्ये उत्तरं द्यायची. मी एकदा थट्टा केली, तर म्हणाली, "निदान ती माझ्याआधी गप्प होत नाही." ती हसत होती म्हणून मीही हसलो, पण घरी जाताना मला वाईट वाटलं.

माझं औषधांचं दुकान त्यांच्या बरोबर समोर आहे. रस्ता इतका अरुंद की गल्ल्यावर बसून मला दाजींची कात्री चालताना दिसते. तरी त्यांचं दुखणं दिसलं नाही. दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. हे मुंगीच्या पावलांनी आलं, आणि जाण्याचं नावच नाही. शिंपी सुईत दोरा ओवला की त्याचं टोक अंगठा आणि तर्जनीमध्ये धरून वळतो, म्हणजे गाठ बसते. दाजींची बोटं दिवसभर तेच करायची. हळूहळू दोरा नसतानाही ती वळायला लागली. जिन्यात, रस्त्यात, दाढीच्या दुकानात खुर्चीवर बसलेले असताना, उजवा अंगठा आपला तर्जनीवर फिरतोच आहे. कोणी विचारलं तर ताई म्हणायची, "अहो, यांचा हात दुकानातून घरी येतच नाही." सगळे हसायचे. दुसऱ्या कुठल्याही धंद्यातल्या माणसाला घरच्यांनी तेव्हाच डॉक्टरकडे नेलं असतं. शिंप्याला नेलं नाही, कारण शिंप्याची बोटं अशीच हलतात.

मग काजं बिघडली. मशीनवर काजं करणाऱ्याला दाजी शिंपीच मानत नसत. त्यांच्या हाताचं काज उलटून पाहिलं तरी कळायचं नाही की आतली बाजू कोणती. ते टाके आधी बारीक झाले, मग एकात एक गुंतायला लागले. एक दिवस नवा कोट घालून बघताना गिऱ्हाइकाचं बटण काजात जाईना. दाजींनी कोट काढून घेतला, दुकानाला कडी लावली, रस्ता ओलांडून आले आणि माझ्यापुढे हात धरला.

"हा थांबत नाही," ते म्हणाले. त्यांच्या हिशेबाने ते भाषणच होतं.

मेंदूच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि आडपडदा न ठेवता बोलणाऱ्या. कंपवात आहे म्हणाल्या. त्यांनी दाजींना चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, मग विचारलं, "वास येतो का?"

"नाही."

"कधीपासून?"

"झाली बरीच वर्षं."

ताई खुर्चीतून पुढे झुकली. "बरीच वर्षं? मग माझा स्वयंपाक?"

"गरम असतो," दाजी म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर रेघा मारून आजार समजावला. मेंदूत डोपामाइन नावाचं रसायन तयार करणाऱ्या पेशी असतात, त्या एकेक करून मरत चालल्या होत्या. हे रसायन एका पेशीतून निघतं आणि शेजारच्या पेशीवर त्याच्यासाठी राखलेल्या जागी जाऊन बसतं. त्या जागेला रिसेप्टर म्हणतात. रसायन बसलं की पेशीला निरोप पोहोचतो, आणि असे असंख्य निरोप पोहोचले की माणसाचं बोट मनात येईल तेव्हा उचललं जातं आणि मनात येईल तेव्हा थांबतं. निरोप नेणारेच कमी पडले की हात धन्याचं ऐकेनासा होतो.

पुस्तकांत याला कुलूप आणि किल्ली म्हणतात. मला ते कधी पटलं नाही. कुलूप एक तर उघडतं नाही तर उघडत नाही, पेशीचा कारभार त्याहून ढिसाळ असतो. मला माझ्या दुकानापुढचं बाकडं बरं वाटतं. त्यावर खरं गिऱ्हाईक बसलं की माझं काम सुरू होतं. काही जण नुसतेच बसतात, घेत काही नाहीत आणि घेणाऱ्याला बसू देत नाहीत. सर्दीची गोळी हेच करते. शिंका आणणाऱ्या रसायनाच्या जागेवर ती ठाण मांडते आणि ते बिचारं उभं राहतं. आणि काही औषधं अशी, की खऱ्या गिऱ्हाइकाचं सोंग घेऊन येतात, आणि पेशी फसून कामाला लागते. दाजींना जी गोळी दिली ती ही, डोपामाइनचं सोंग घेणारी. दुसरंही एक औषध होतं, ज्याचं मेंदू स्वतःच डोपामाइन बनवून घेतो. ते अधिक सरळ. पण वय फार नाही, ते पुढच्यासाठी राखून ठेवू, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हिशेब चुकीचा नव्हता. पुष्कळ जण त्या गोळीवर छान राहतात, मी रोज विकतो.

दाजींनी एकच प्रश्न विचारला. "काजं येतील?"

"येतील. बरीच वर्षं येतील." मग त्या ताईकडे वळल्या. "एका गोष्टीवर लक्ष ठेवा. या गोळीने काहींना कसला तरी नाद लागतो. जुगार, खरेदी, खाणं, काहीही. तसं दिसलं तर लगेच मला सांगायचं."

"यांना नाद?" ताई म्हणाली. "डॉक्टर, यांना कसला नाद लागला ना, तर मी तुमच्या सगळ्या दवाखान्याला चहा पाजीन."

गोळी हळूहळू चढवत नेतात. आधी हात निवला, मग काजं सुधारली, आणि मग एका संध्याकाळी दाजी रस्ता ओलांडून आले आणि माझ्या बाकड्यावर बसले. मला वाटलं काही तरी बिनसलं. ते म्हणाले, "तू मागे टाचण्यांवरून बोलला होतास ना, ते खरं होतं." आणि हसले. त्यांचे दात मी तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिले.

त्यानंतर या माणसाला जणू बोलण्याचं थकलेलं सगळं काम एकदम उरकायचं होतं. गिऱ्हाइकाला कापड कुठल्या मेंढीचं आहे इथपासून सांगायचे. ताईला दुकानात खुर्ची मांडून दिली. इतकी वर्षं एका छपराखाली काढल्यावर तिला विचारलं, की तू लहानपणी कुठल्या शाळेत होतीस. ताईने हे मला सांगितलं तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता, इतका आनंद होता त्यावर. बायकांचे कपडे आपला प्रांत नाही म्हणणाऱ्या माणसाने तिच्यासाठी हिरव्या लोकरीचा लांब कोट शिवला. आत रेशमी अस्तर, बाहीला चार बटणं, चारही खरी उघडणारी. ताई तो उन्हात घालून बाजारभर हिंडली आणि घामाने निथळत परत आली. मी तिला वेडी म्हणालो. ती म्हणाली, "असू दे."

आठवड्याने दाजींनी तो कोट परत मागितला. डाव्या खांद्यात एक टाका ओढला गेलाय म्हणाले. खांदा उसवला, पुन्हा शिवला. मग कॉलर उसवली. मग गिऱ्हाइकांचे तयार कपडे खुंटीवरून उतरायला लागले. धंद्यात उसवण्याला मान असतो. शिवता कुणालाही येतं, चुकलेलं उसवायला छाती लागते, असं दाजींचे गुरू म्हणायचे म्हणे. त्यामुळे बाजारात वाहवाच झाली. मास्तर आता एक टाका वावगा खपवून घेत नाहीत, उशीर झाला तरी चालेल पण काम बघावं तर त्यांचं, असं लोक एकमेकांना सांगायला लागले. समोर बसून मीही ते ऐकत होतो आणि खरं मानत होतो. जुगार नाही, दारू नाही, माणूस सकाळपासून कामात गढलेला. याला नाद म्हणावं हे कुणाच्या डोक्यात येणार?

एक गोष्ट मात्र मला खटकली. ताई बोटांना लावायच्या पट्ट्या सारख्या नेत होती. विचारलं तर भाजी चिरताना लागलं म्हणायची. भाजी चिरताना बोटांच्या टोकांना बारीक भोकं पडत नाहीत.

उलगडा झाला तो एका बस-ड्रायव्हरमुळे. त्याचे वडील नुकतेच गेले होते. त्यांचा जुना कोट त्याने स्वतःसाठी आणला होता, फक्त बाह्या बोटभर आखूड करायच्या होत्या. तो न्यायला आला तेव्हा मी दुकानातून पाहत होतो. तो आत गेला आणि बराच वेळ बाहेर येईना, म्हणून मी पलीकडे गेलो.

कापायच्या मोठ्या टेबलावर तो कोट पसरला होता. कोट म्हणजे त्याचे तुकडे. पाठ, खांदे, बाह्या, कॉलर, खिशांच्या पिशव्या, अस्तर, सगळं सुटं करून, वाफेची इस्त्री फिरवून, लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीने मांडलं होतं. दाजी अगदी खुशीत होते. "हे बघा," ते ड्रायव्हरला सांगत होते, "छातीत घोड्याच्या केसांचं कापड घातलंय. आता कोण घालतो? आणि हा टाका बघा, हा माणूस डावखुरा होता शिवणारा. बाहेरून कळलं नसतं हे."

"मला बाह्या आखूड हव्या होत्या," ड्रायव्हर म्हणाला.

"होतील की. पण आधी हे बघा तर."

ड्रायव्हरने कॉलरचा तुकडा उचलला आणि नाकाशी धरला. पुन्हा धरला. मग खाली ठेवला. "वास गेला," तो म्हणाला. "त्यांचा वास होता याला."

दाजींनी तोच तुकडा उचलून हुंगला आणि नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्यांना काय कळणार. त्यांच्या नाकातल्या जागा कधीच्या रिकाम्या पडल्या होत्या. ड्रायव्हर मोठा रांगडा माणूस होता, भांडला असता तर बरं झालं असतं. तो त्या टेबलाशी उभा राहून रडला. कापड इतकं जुनं होतं की उसवलेल्या भोकांवरून हात लावताच फाटत होतं, ते परत शिवणं शक्यच नव्हतं. मी तुकडे गोळा करून द्यायला लागलो, तर दाजी माझ्या हातातून ते घेऊन पुन्हा ओळीत लावत होते.

मी तसाच जिना चढून वर गेलो. वर ताई खिडकीशी बसून एका पँटची शिवण घालत होती. जिने आयुष्यात बटण लावलं नाही, ती. तिच्या आजूबाजूला कोट, जाकिटं, पँटी, कशाची बाही लोंबतेय, कशाला पाठच नाही. एक ना धड, भाराभर चिंध्या म्हणतात, ते मी तेव्हा डोळ्यांनी पाहिलं. दाजी दिवसभर उसवत होते आणि ही चोरून ते शिवून खुंटीवर परत टांगत होती.

"किती दिवस चाललंय हे?" मी विचारलं.

"ओरडू नकोस. खाली ऐकू जाईल."

"त्यांना काही ऐकू जात नाही आता. ताई, डॉक्टरांनी काय सांगितलं होतं? कसला नाद दिसला तर लगेच सांगा. तू मागच्या वेळी त्यांना काय सांगितलंस?"

"मी म्हणाले, सगळं छान आहे."

मी चिडलो होतो. औषधाच्या दुकानात बसणाऱ्याची बहीण असं करते, याचा मला राग आला होता. मी तिला जे नको ते बोललो. म्हणालो, "हे दाजी नाहीत ताई. हे बोलणं, हसणं, तो कोट. ही गोळी बोलतेय."

तिने सुई खाली ठेवली. "बरं. मग इतकी वर्षं गप्प कोण होतं? तेही कसलं तरी रसायन कमी असल्यामुळेच असेल ना? ते तुम्हाला कुणाला दुखणं वाटलं नाही. तेव्हा तुम्ही सगळे म्हणायचात, स्वभाव आहे." तिचा आवाज चढला नव्हता. "मला काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, तू वर हसतेस ते मला खाली ऐकू येतं, तेव्हा मी मशीन थांबवतो. नेहमीच थांबवायचो. हे मला या वयात कळलं. आणि तू म्हणतोस गोळी बंद करा."

दुकानात माझ्या मागे कपाटं भरून गोळ्या आहेत, कुठली कुठे बसते आणि काय करते ते मी सांगू शकतो, पण माणसाचा स्वभाव कुठे बसतो ते कुठल्याच पाकिटावर लिहिलेलं नसतं. मी म्हणालो, "मी डॉक्टरांना सांगणार नाही. तूच सांग." आणि खाली आलो.

तिला सांगायला पुढची तपासणी उजाडली. त्या दिवशी मी बरोबर गेलो होतो. डॉक्टरीणबाईंनी दाजींचे हात पाहिले, खूश झाल्या, आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "वागण्यात काही फरक?"

दाजी म्हणाले, "काही नाही." ताई त्यांच्याकडे पाहत राहिली. मला वाटलं, ही आताही गिळणार.

"हे उसवतात," ती म्हणाली. "दिवसभर. लोकांचे कपडे. माझा कोटही. जेवायला बोलावलं तर येत नाहीत. पहिल्यांदा माझ्याशी बोलता बोलता उसवायचे. मग उसवता उसवता बोलायला लागले. परवा मी त्यांना त्या ड्रायव्हरचं सांगत होते. ते मान हलवत होते. मी मध्येच बोलायची थांबले. तरी मान हलतच होती." तिने डोळे पुसले. "हे मला जुनंच आहे, डॉक्टर. यासाठी गोळी कशाला?"

दाजी चिडले. त्यांना चिडलेलं आम्ही कुणी पाहिलं नव्हतं. "मी काम करतो," ते म्हणाले. "काम करणं दुखणं आहे का?"

डॉक्टरीणबाईंनी कागद ओढला. रिसेप्टर एकाच जातीचे नसतात, त्यांनी सांगितलं. हातापायांच्या हालचालीच्या भागात एका प्रकारचे जास्त असतात. त्यांचीच भावंडं मेंदूच्या दुसऱ्या एका भागात असतात, जिथे माणसाला एखादी गोष्ट आवडते आणि पुन्हा हवीशी वाटते. ही गोळी हातासाठी घेतली तरी त्या भावंडांना जास्तच घट्ट चिकटते. पोटात गेल्यावर कुठे जायचं हे तिला कुणी सांगू शकत नाही.

दाजींचा राग ओसरला होता. ते कागदाकडे बघत म्हणाले, "बटण एक आणि काजं दोन."

"तसंच. आपण ही कमी करत नेऊ आणि दुसरं औषध सुरू करू. हात सांभाळता येईल. उसवणं थांबेल."

"आणि बोलणं?" ताईने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "ते कशामुळे होतं हे मी खात्रीने सांगू शकत नाही," त्या म्हणाल्या. "कमी होऊ शकतं."

दाजी ताईकडे बघत होते. बाहेर कुणी तरी नंबर पुकारत होतं.

"करा कमी," ताई म्हणाली.

चढवताना जशी हळू चढवतात तशीच ती गोळी उतरवतात, पण उतरताना माणसाचं फार काही घेऊन उतरते. दाजींना दरदरून घाम यायचा. कशातच रस वाटेना. भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि विचारलं तर म्हणायचे, काही नाही. मेंदूला त्या उसन्या निरोपांची सवय झालेली असते, ते बंद झाले की आपल्या घरचे निरोप पुरेनासे होतात. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, यातून माणूस बाहेर येतो, धीर धरा. आला बाहेर, अर्धामुर्धा. उसवणं थांबलं. नव्या औषधाने दुपारचे काही तास हात चालायचा, तेवढ्यात जमेल ते करायचे. टाचण्या पुन्हा तोंडात आल्या. पाय जड झाले, जिना नको वाटायला लागला, म्हणून दुकानातच मागच्या बाजूला पलंग टाकला. ताई ताट खाली आणून ठेवायची आणि रिकामं झालं की न्यायची.

आणि ताई बोलेनाशी झाली. हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं, कारण जो बोलत असतो त्याच्या गप्प होण्याकडे कुणाचं ध्यान जात नाही. अंडी आणायला गेली तर अंडी घेऊन यायची. रेडिओ बिघडला होता, तो तिने दुरुस्तीला टाकला नाही. मुलीचा फोन आला की हो आणि बरं. मी थट्टा करून पाहिली, तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला माझीच लाज वाटली. शिवणकाम तेवढं तिने सोडलं नव्हतं. दाजींचा हात चालेना तेव्हा राहिलेलं ती वर नेऊन पुरं करायची, आणि हळूहळू तिचे टाके खरोखरच चांगले पडायला लागले होते.

एका दुपारी दाजी रस्ता ओलांडून आले. तेवढा रस्ता ओलांडायला त्यांना बराच वेळ लागला, पावलं लहान लहान पडत होती, मागे एक रिक्षा भोंगा वाजवत थांबली होती. बाकड्यावर बसले नाहीत. गल्ल्याच्या कडेला धरून उभे राहिले.

"त्या गोळ्या आहेत का?"

"कोणत्या?"

"आधीच्या."

"त्या तुम्हाला बंद केल्यात, दाजी."

"एकच दे."

"कशाला?"

तेवढ्यात एक बाई आली, तिला मी खोकल्याचं औषध दिलं. ती गेल्यावर दाजी म्हणाले, "ती बोलत नाही आता."

मी खोकल्याच्या औषधाचे पैसे गल्ल्यात टाकले.

"मी काही तरी बोललं पाहिजे. काय बोलायचं ते मला ठाऊक आहे. सगळं आत आहे. तेव्हा आपोआप यायचं. आता इथपर्यंत येतं." त्यांनी गळ्याला हात लावला. अंगठा तर्जनीवर फिरत होता. "एक गोळी दे. तिच्याशी बोलण्यापुरती."

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगतो. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्यांना धरून हलवावंसंही वाटलं. या माणसाला कधी काही वाटत नाही असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो, आणि तो माझ्यापुढे उभा राहून बायकोशी बोलायला औषध मागत होता. पाकिटं माझ्या पाठीमागच्या खणात होती.

"एका गोळीने काही होत नाही, दाजी," मी म्हणालो. "मळमळेल आणि झोप येईल, बस. ती चढवत न्यावी लागते, आठवडेच्या आठवडे. आणि चढली की तोंड उघडायच्या आधी तुमचा हात उसवायला जाईल. तुम्हाला ठाऊक आहे." मग मला राहवलं नाही. "गोळीशिवाय बोला. अडखळत बोला, वाकडं बोला. ताईला चालेल."

"येत नाही," दाजी म्हणाले, आणि आले तसे परत गेले.

दुसऱ्या दिवशी मी ताईकडे गेलो. सांगावं की नाही याचा विचार करत गेलो होतो, पण तिला बघून सांगितलं, सगळं, त्यांच्या शब्दांत. ती एका बाहीची हातशिलाई करत होती. तिची सुई थांबली नाही.

"दिलीस?" तिने विचारलं.

"नाही. एका गोळीने काही होत नाही."

तिने शिवण शेवटपर्यंत नेली, गाठ मारली, दोरा तोडला. "त्यांना माहीत होतं का ते? काही होत नाही म्हणून?"

"नाही. त्यांना वाटत होतं, होईल."

"मग द्यायची होतीस," ताई म्हणाली. "जिना चढून वर तरी आले असते."